जिभेवर भंडारा

टँकरचा पाइप मनकर्णाबाईंच्या ड्रममधून उचलून पलीकडच्या घरातल्या बाईनं सरळ स्वतःच्या ड्रममध्ये सोडला, आणि मनकर्णाबाई काही बोलल्या नाहीत. एवढंच झालं. पण बजाजनगरातल्या त्या गल्लीत एवढंही कधी झालं नव्हतं. बाया हंडे खाली ठेवून बघायला लागल्या. टँकरवाला वरून वाकला. ज्या बाईनं पाइप ओढला होता तिनं उत्तर आधीच जुळवून ठेवलेलं असावं, ते तिच्या तोंडात तसंच राहिलं. मग ती आपणहून पाइप काढून मनकर्णाबाईंच्या ड्रममध्ये परत सोडत म्हणाली, “घ्या आजी, तुमचं भरा आधी. पण असं गप नका बसू. भेव वाटतं.” मनकर्णाबाईंनी मान हलवली. पाणी ड्रमात पडताना आवाज करत होतं, आणि त्या आवाजाखाली, गळ्याच्या खालच्या अंगाला, न बोललेलं वाक्य कोरड्या भाकरीच्या घासासारखं अडकून बसलं होतं. तुझ्या बापानं टँकर आंदण दिलाय का गं? असं ते वाक्य होतं. साधंच होतं. याहून किती तरी चांगली वाक्यं त्यांनी याच गल्लीत फुकट वाटली होती. पण ते गिळावं लागलं, आणि गिळलेलं वाक्य पोटात जात नाही हे त्यांना या वयात पहिल्यांदा कळलं.

घरी येऊन त्यांनी पाय पुसले आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. ओवी करायची होती. नात सुकेशनी, मुलाची, बिभीषणाची, एकुलती एक, तिची हळद येत्या आठवड्यात दळायची होती. बजाजनगरात आल्यापासून मनकर्णाबाईंनी किती नवरींच्या हळदी दळल्या याचा हिशेब त्यांनी ठेवला नव्हता, पण एक ओवी दोन नवरींना कधी दिली नव्हती. नवरीला जुनी ओवी द्यायची म्हणजे दुसरीच्या अंगावरचं लुगडं नेसवायचं, असं त्या म्हणत. आणि त्यांच्या मेंढरं राखणाऱ्या माणसांत आणखी एक धाक होता: हळदीचं जातं मुकं फिरवायचं नसतं. मुक्या जात्याची हळद लागली तर नवरीचं घर मुकं होतं, नवरा एका कोपऱ्यात, बायको एका कोपऱ्यात. म्हणून जात्यावर बसणारीनं ओवी म्हणतच खुंटा धरायचा. आजवर कधी अडलं नव्हतं. खुंट्याला हात लागला की ओवी यायची; बोलावलेल्या कुत्र्यासारखी शेपूट हलवत यायची. आज त्यांनी मनातल्या मनात जातं मांडलं, खुंटा धरला, एक फेरा दिला, एका फेऱ्याला आठ अक्षरं. सुकेशनी, सुकेशनी. आठ झाली. पुढच्या फेऱ्याला काहीच आलं नाही. भिंतीवर पाल होती. तीही हलली नाही.

आटलं असेल, त्यांना वाटलं. सगळंच आटलंय. दोन वर्षं पाऊस नाही, हर्सूलच्या तलावात म्हणे पोरं क्रिकेट खेळतात, मग माणसाच्या आतलं कशावर भरून राहील? पण हे काही खरं नव्हतं, हे त्यांनाच पटेना. बहात्तरच्या दुष्काळात त्या नवी नवरी होत्या, मेंढरं मरून गेली होती, आणि त्या रस्त्याच्या कामावर खडी फोडत होत्या. ऊन असं की हातोडीचा दांडा सोडला तर परत धरवत नसे. तेव्हा तर ओव्या नुसत्या फुटत होत्या. मुकादम छत्री घेऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, बायांनो, हात चालवा. नव्या नवरीनं, मनकर्णेनं, मान वर न करता त्या छत्रीवर ओवी केली, अख्खी रांग हसली, आणि दुसऱ्या दिवशी मुकादम छत्री न घेता आला. डोकं तापून दुपारी आडवा झाला. पाणी पाजायला तीच गेली. पाजताना आणखी एक केली. सासूवर केली, दिरावर केली, लग्नात वाटाण्यासारखे डोळे करून बसलेल्या भटजीवर केली. नवऱ्यावर तर इतक्या की त्रिंबकांना स्वतःचा स्वभाव ओव्यांवरूनच कळला असावा. आशीर्वादाची ओवी असली तरी त्यात एक मिरची असायची. नुसतं गोड म्हणजे नैवेद्य, आणि नैवेद्य देव तरी कुठं खातो.

मग आता काय झालं? गळा बरा होता. दात होते तेवढे होते. अडचण कुठं आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असलेल्या गोष्टीकडे त्या बघत नव्हत्या, जशी माणसं सावकाराच्या घरावरून जाताना दुसरीकडे बघतात. देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकाजवळ, पितळेची वाटी होती आणि वाटीत भंडारा होता. पिवळाधमक. सुपारी फुटली त्या रात्रीचा.

सुपारी हर्सूलला होती, मुलाच्या घरी. मुलगा चांगला होता, वाळूजलाच एका कारखान्यात, सुकेशनीच्या ओळखीचा, दोघांनी आधीच सगळं ठरवून मग घरच्यांना ठरवायला बसवलं होतं. सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर चहा आला. मनकर्णाबाईंनी एक घोट घेतला आणि कपात बघत म्हणाल्या, “विहीणबाई, हा चहा हाय का चहाची कपबशी धुतलेलं पाणी?” मुलाची आजी मालनबाई, हीही त्यांच्यासारखीच, मेंढरामागं जन्म काढलेली, अंगानं रुंद, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती दारातूनच म्हणाली, “तुमच्याकडं पाणी टँकरनं येतं ना बाई, म्हणून धुतलेल्या पाण्याची पारख हाय तुमाला.” त्यावर मनकर्णाबाई काही बोलल्या, त्यावर मालनबाई काही बोलली, आणि मग दोन्हीकडचे पुरुष उठून उभे राहिले. सुकेशनी आत रडत होती. कसंबसं निभावलं. घरी आल्यावर बिभीषण, ज्यानं चाळीस वर्षांत आईपुढं आवाज काढला नव्हता, त्यानं बूटही काढले नाहीत. देव्हाऱ्यातली वाटी आणून आईपुढं ठेवली. “आई, उचल. पोरीची हळद दळून होईस्तवर कुण्या माणसाला टोचून बोलायचं नाय. एक शब्द नाय.” “अरं पर तिनंच...” “उचल आई.” मनकर्णाबाईंनी चिमूट उचलली, कपाळाला लावली, जिभेवर ठेवली. भंडारा उचलून घेतलेली शपथ मोडणं म्हणजे काय ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. नातीच्या नावानं घेतलेली, ती मोडली तर नातीला लागणार.

तेव्हापासून त्या चांगल्या वागत होत्या. चांगलं वागणं म्हणजे दिवसभर नवी चप्पल घालून घरात फिरणं. सून बिचकून असायची. भाजी खारट झाली तर सासू म्हणायची, “छान झालीये”, आणि सून रडायच्या बेताला यायची. त्रिंबकांचं तर जेवणच तुटलं. ते ओट्यावर घोंगडी टाकून बसत, आणि आतून शिव्याशापांचा जो आवाज चाळीसपन्नास वर्षं त्यांच्या कानामागं वाहत आला होता तो थांबल्यामुळं त्यांना झोप लागेना. “बिभीषणाची आय,” ते एकदा दबकत म्हणाले, “मला जरा काय तरी बोल.” “काय बोलू?” “काईबी. मेल्या म्हन.” “मला बोलता येत नाय,” मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी कांद्यावर ढकललं. कांदा त्या दिवशी नव्हताच.

त्या संध्याकाळी सुकेशनी कामावरून आली, पंख्याखाली बसली, मोबाइल काढला आणि बोटांची पेरं मोजायला लागली. पाच. मग सात. मग पाच.

“काय गं, पोथी म्हनतीस का?”

“नाय आजी. कविता. आमचा ग्रुप हाय. तीन ओळींची करायची, पाच अक्षरं, सात अक्षरं, परत पाच. रोज एक विषय येतो. आजचा विषय लई बेकार हाय.”

“कोनता?”

“न सुचणं.”

मनकर्णाबाईंच्या हातातली गवारीची शेंग तशीच राहिली. पोरीला कुणी सांगितलं? पण पोरगी मोबाइलमध्ये होती. “न सुचण्यावर काय करत्यात?” त्या म्हणाल्या. “पानी नाय म्हनून का रिकाम्या हंड्याची आरती करायची?”

“तेच तर. सगळे तेच करायलेत. माझी ऐक.” सुकेशनीनं गळा साफ केला.

कोरा कागद
पेन चावून झाला
जेवण झालं

“संपली?”

“संपली.”

“हे तर शिंकल्यावानी झालं.” बोलून गेल्यावर मनकर्णाबाई दचकल्या. टोचलं का? पण पोरगी हसत होती. शिंक म्हणजे काही वाईट नव्हे, असा त्यांनी मनाशी निवाडा केला. “आनखी हाय?”

न सुचणंही
रोज मला सुचतं
तेच लिहिते

ही त्यांना आवडली. का आवडली ते कळलं नाही. रिकाम्या घागरीत बोट वाजवल्यावर जसा भरल्या घागरीहून मोठा आवाज निघतो, तसं काही तरी. पण तसं म्हणाल्या नाहीत. “आजी, माझी ओवी झाली का गं?” सुकेशनीनं विचारलं, तोंडाकडं न बघता, मोबाइलच्या आडून. “सगळ्यांच्या केल्यास तू. मी लहान असल्यापासून ऐकते. मला वाटायचं, आपली सगळ्यात भारी असेल.” मनकर्णाबाईंनी शेंग मोडली. “व्हईल की,” त्या म्हणाल्या. “ओवी हाय, टँकर नाय, नंबर लावायला.” पण दोरे न काढताच त्यांनी ती शेंग टोपलीत टाकली.

हळद दोन्हीकडची एकत्रच दळायची ठरली होती. एरवी नवरदेवाची वेगळी, नवरीची वेगळी. पण दोन कार्यं म्हणजे दोन ठिकाणी दोनदा टँकर, आणि लोकांना अंघोळीला मिळेना तिथं हात हळदीचे करून धुवायचे कशानं? म्हणून बजाजनगरात मांडव, एकच जातं, आणि जात्याला दोन्हीकडच्या थोरल्या सवाष्णी समोरासमोर. म्हणजे मालनबाई समोर. तीही ओव्यांत नाव काढलेली, हर्सूलपासून चौका गावापर्यंत तिला बोलावणं असे. ती ओवी टाकणार, मनकर्णाबाईंनी ती उचलून पुढची म्हणायची, आणि त्यांच्याकडं तर काहीच नाही. परवा मालनबाईचा फोन आला होता. “व्हय बाई. बरं बाई. तुमी म्हनाल तसं बाई.” नुसता खडीसाखरेचा आवाज. एवढं गोड माणूस कधी बोलतं? समोरचा मेला असं धरून चालल्यावर.

दुसऱ्या दिवशी त्या ओवी शोधायला बाहेर पडल्या. त्रिंबक घोंगडी खांद्यावर टाकून मागं निघाले. वसाहतीच्या कडेला, जिथं पूर्वी ते मेंढरं बसवायचे, तिथं जायचं होतं. मेंढरामागं चालताना ओव्या चिक्कार व्हायच्या, पायांची लय, मेंढरांची लय, मध्ये एखादं चुकार कोकरू आलं की तिथं यमक. पण तो माळ आता माळ नव्हता. चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले होते, कोपऱ्याकोपऱ्याला दगड, दगडाला रंग, आणि एका कमानीवर कुठल्याशा नगरीचं नाव. पाणी पिण्यापुरतं नाही आणि माणसं घरं बांधायला निघालीत. शिफ्टची बस धूळ उडवत गेली. एका बाभळीखाली दोघं बसले. मनकर्णाबाईंनी डोळे मिटले, मेंढरं आठवली, त्यांचा ओला लोकरीचा वास आठवला, खुरांचा पावसासारखा आवाज आठवला. सगळं आलं. ओवी तेवढी आली नाही. एक माणूस मोटरसायकलवरून आला आणि म्हणाला, “मावशी, प्लॉट बघायला आलात का? ईस्ट फेसिंग आहे.” मनकर्णाबाईंनी तोंड उघडलं. आत कमीत कमी चार उत्तरं दाटीवाटीनं उभी होती, एकाहून एक. त्यांनी तोंड मिटलं. “नाय दादा,” त्या म्हणाल्या, “सावलीला बसलोय.” माणूस गेला. त्रिंबक किती तरी वेळ त्यांच्याकडं बघत होते. मग जमिनीवर काडीनं रेघा ओढत म्हणाले, “त्याच्यावर व्हती ना तुझी ओवी. आली व्हती, म्या बघितली. दातापातूर आली व्हती.”

परत येताना मनकर्णाबाईंची बोटं आपोआप पेरांवरून फिरत होती, नातीसारखी, पाच, सात, आणि गल्लीच्या तोंडाशी टँकरचा भोंगा वाजला तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं:

टँकर आला
जीभ हंड्यात गेली
झाकण लाव

त्या तिथंच थांबल्या. परत मोजलं. पाच, सात, पाच. पोरीची शिंक त्यांना आली होती. आणि त्या शिंकेसरशी इतके दिवस ज्याच्याकडं बघितलं नव्हतं ते समोर आलं. ओवी आटली नव्हती, आत होती, भरून होती, तिच्यावर भंडाऱ्याचं झाकण होतं. त्यांची ओवी म्हणजे टोचणंच. सुईचं टोक मोडून ठेवायचं आणि म्हणायचं, शीव. आता दोनच वाटा होत्या. भंडारा मोडायचा, तर पोरीला लागणार. जातं मुकं फिरवायचं, तरी पोरीलाच लागणार. खंडोबा दोन बायकांत सापडलेला देव, त्याला असली अडचण नवी नसणार, असा एक विचार आला. पण तो टोचराच होता, आणि देव माणूस नाही असं असलं तरी सध्या त्याच्याशी नीट राहिलेलं बरं, म्हणून त्यांनी तोही गिळला. देव माणूस नाही. हे मात्र कुठंतरी आत पडून राहिलं, धान्यातल्या खड्यासारखं.

हळदीच्या दिवशी मांडवात ऊन पिवळं होतं. जात्याला हळदीकुंकवाची बोटं ओढली होती, खुंट्याला आंब्याचं पान बांधलं होतं, शेजारी देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी आणून ठेवली होती. भोवती बाया दाटीनं बसल्या. बजाजनगरच्या एकीकडं, हर्सूलच्या एकीकडं, जशा काही कुस्तीलाच आल्या होत्या. पाइप ओढणारी बाई तर सर्वांत पुढं. बिभीषण मांडवाच्या खांबाला धरून उभा होता, आईकडं बघत. सुकेशनी पाटावर, पिवळ्या साडीत, तिची बोटं मांडीवर हलत होती. पोरगी आतासुद्धा अक्षरं मोजत होती. मनकर्णाबाईंनी पदर खोचला. समोर मालनबाई बसली. दोघींनी खुंटा धरला, हातावर हात. मालनबाईचा हात गरम होता आणि ओला होता. जात्याच्या तोंडात हळकुंडाच्या तुकड्यांची वैरण पडली, आता फेरा द्यायचा. मालनबाईनं टाकायची पहिली. मालनबाईनं तोंड उघडलं. मिटलं. मनकर्णाबाईंनी वर बघितलं. समोरच्या रुंद तोंडावर, रुपयाएवढ्या कुंकवाखाली, भीती होती. ओळखीची. ही त्यांनी आरशात बघितली होती. “म्हणा की आजी,” मागून आवाज आला. हात थांबलेले, जातं थांबलेलं, सुकेशनीची बोटं थांबलेली. आणि त्या थांबलेल्या जागेत मनकर्णाबाईंना राग आला. माणसांचा नाही. तिचा. ओवीचा. इतकी वर्षं पोसली, मेंढरामागं मिरवली, आणि ऐन नातीच्या हळदीला ही भवानी दडून बसली? माणसाला टोचायचं नाही असं उचललं होतं. ओवी काही माणूस नव्हे. त्यांनी खुंट्याला हिसडा दिला. जातं घरघरलं.

अगं ओवी महामाये
कुठं बसली दडून
टँकराच्या मागं गेली
रिता हंडा गं घेऊन

पाइपवाली बाई पहिली हसली. बिभीषणाचा हात खांबावर आवळला, मग त्यानं मनाशी तपासून बघितलं असावं, हात सैल झाला. फेरा फिरतच होता, पिवळी धार जात्याच्या कडेनं खाली यायला लागली, आणि मनकर्णाबाईंना थांबायचं नव्हतं.

ओवी रुसली रुसली
जात्यापाशी गं येईना
तोंड वासून बसले
घास ओठात जाईना

मालनबाई टक लावून बघत होती. तिचे ओठ हलत होते. मग तिचे खांदे हलले, मग सगळी मालनबाई हलली, आणि हसता हसता तिनं खुंटा आपल्याकडं ओढला.

तुझी ओवी माझ्या दारी
आली पाणी मागायाला
माझी आधीच पळाली
दोघी गेल्या बाजाराला

आता मांडवात कुणी कुणाला आवरेना. दोन्हीकडच्या बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. दोघी पळालेल्या ओव्यांना शिव्या देत राहिल्या, तू बाजारात काय घेतलंस, बांगड्या का कुलूप, आणि जात्याला जराही मुकं राहायची सोय उरली नाही. हळद संपत आली. शेवटची मूठ मनकर्णाबाईंनी हातात धरून ठेवली. मांडव हळूहळू शांत झाला. त्यांनी पाटाकडं बघितलं, मूठ जात्यात सोडली, आणि आवाज खाली आणला.

सुकेशनी माझी नात
ओळी मोजिते बोटात
तिच्या हळदीला आली
ओवी उशिरा थाटात

सुकेशनीनं बोटांवर मोजलं. मोजता मोजता तिचा हात डोळ्यांकडं गेला, आणि हळद लागायच्या आधीच गाल ओले झाले. जात्याचा आवाज बदलला. आत काही उरलं नव्हतं, दगडावर दगड. दोघींनी एकदमच हात काढले.

“झाली?” मालनबाईनं धापा टाकत विचारलं.

“झाली.”

“दळून पुरी झाली ना? बगा नीट.”

“झाली म्हनते ना. कामून?”

मालनबाईनं इकडंतिकडं बघितलं आणि पुढं वाकली. “नातवानं भंडारा उचलायला लावला व्हता. हळद दळून होईस्तवर तोंडाला कुलूप. मेले बाई मी. फोनवर तुमाला व्हय बाई व्हय बाई करताना जीभ चावून चावून तोंड आलं.”

मनकर्णाबाईंनी हळदीचा हात पदराला पुसला, मांडी सैल केली, पाठ ताठ केली. गळ्याच्या खाली अडकलेला तो घास हलला, वर आला, आणि त्यामागं रांगेनं उभं असलेलं सगळंच हललं, टँकर, प्लॉट, खारट भाजी, खडीसाखर.

“मग आता ऐका विहीणबाई,” त्या म्हणाल्या. “तो चहा नव्हता.”

“नव्हताच!” मालनबाईनं मांडीवर थाप मारली. “चांगला चहा दुसऱ्या पाव्हन्यांसाठी ठेवला व्हता. तुमचं तोंड बघून कुनाला वाटंल साखर घालावी?”

“तुमच्या घरात साखर असंल तर ना!”

बिभीषण खांबाजवळून पुढं निघाला, मग थांबला, मग भंडाऱ्याची वाटी उचलून देव्हाऱ्यात ठेवायला आत गेला. आवाज चढत चालले होते. ओट्यावर त्रिंबकांनी ते ऐकलं, घोंगडी नीट अंथरली, कुशीवर वळले, आणि दुसरं उत्तर यायच्या आत घोरायला लागले.